मदत हवी आहे : पुढची चाकं फडफडतात आणि गोळ्यातून गळतंय

घाटरस्ता
मंडळी, जरा लवकर सांगा. गाडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली आहे आणि अर्धी गल्ली तिनेच अडवलीय. पन्नासच्या आसपास असताना खड्डा लागला की पुढची चाकं फडफडायला लागतात, स्टिअरिंग हातात राहत नाही, गाडी जवळजवळ उभी करावी लागते तेव्हा कुठे शांत होते. शिवाय पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला, चाकाच्या आत जो लोखंडी गोळा असतो त्यातून गळतंय, डावीकडे जास्त. पावसाळ्याआधी गॅरेजमध्ये सील बदलून घेतलं होतं, तरी परत तेच. आता किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंट्यांवर डावी-उजवीकडे वळतं त्यांचं, सगळंच काम काढायचं ठरवलंय. किट कुठलं घ्यावं? घरी होईल का?

जुनंलोखंड
गाडी कुठली ते सांगाल का? जिप्सी, ५४०, जोंगा, सगळ्यांनाच पुढे चाकं असतात.

घाटरस्ता
जीप. अजून काय.

फिटरअण्णा
जीप म्हणजे कुठली भावा? हाय बॉनेट का? फोर व्हील का टू व्हील? टू व्हीलच्या अ‍ॅक्सलला गोळाच नसतोय, त्याचं काम निराळं.

घाटरस्ता
गोळ्यातून गळतंय म्हटलं म्हणजे फोर व्हीलच ना! सीजे ३बी, हाय बॉनेट, महिंद्राची. आता किटचं सांगा.

सह्याद्री४बाय४
किटबिट राहू दे, आधी स्टिअरिंग डँपर लाव, झटके शोषणारा दांडा. माझ्या ५४०ला लावला आणि फडफड गायब. तासाभराचं काम.

जुनंलोखंड
गायब नाही झाली, झाकली गेली. ढिल्या किंगपिनवर डँपर लावला की बेअरिंग आतल्या आत संपत राहतं आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही. सगळं घट्ट केल्यावर लावायचा तर लावा.

सह्याद्री४बाय४
माझी गाडी लेह करून आली आहे त्या डँपरवर. पुस्तकं वाचून गाड्या चालत नाहीत.

जुनंलोखंड
लेहला जाऊन आली म्हणून किंगपिन चांगले ठरत नाहीत.

घाटरस्ता, किट मागवण्याआधी नक्की काय ढिलं आहे ते बघा. चाक अधांतरी करा, वर आणि खाली धरून आतबाहेर हलवा. खडखड लागली की घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो हबच्या बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिनचा. टायरॉडचे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे, बॉल तपासा आणि स्टिअरिंगची ओढ त्या दांड्यांकडे वळवणारा मधला बेल क्रँकही. ३बीची निम्मी फडफड बेल क्रँकच्या झिजलेल्या बुशातून येते आणि लोक किंगपिनवर पैसे घालतात.

आणि गळतंय ते काय? ग्रीस की ऑईल?

कोकणकडा
विका आणि थार घ्या. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, किंगपिनची कटकटच नाही. एसी आहे, बायकापोरं पण खूश.

घाटरस्ता
थार घ्यायची असती तर थारच्या धाग्यावर गेलो असतो. वडिलांची गाडी आहे, विकायची नाही.

ब्रेक दाबून बघितलं. उजवीकडे खेळ जातो, डावीकडे राहतो. बेल क्रँक हाताला घट्ट लागला. आणि गळतंय ते पातळ, काळपट. ड्रमच्या आतपण गेलंय, त्यामुळे ब्रेक एका बाजूला ओढतो.

फिटरअण्णा
पातळ आहे ना, मग दुखणं तिथंच. त्या गोळ्यात ग्रीस असतंय. पातळ झालं म्हणजे डिफरन्शिअलचं ऑईल अ‍ॅक्सलच्या नळीतनं गोळ्यात शिरलंय. नळीच्या टोकाला, गोळ्याच्या आतल्या अंगाला एक ऑईल सील बसतंय, ते गेलंय. गॅरेजवाल्यानं बाहेरचं फेल्ट, म्हणजे नमद्याचं सील, आणि अर्ध्या-अर्ध्या पट्ट्या तेवढ्या बदलल्या असणार, कारण त्या काहीही न उघडता बदलता येतात. आतलं सील बदलायचं तर हब, स्पिंडल, हाफ शाफ्ट सगळं बाहेर. ते कोण करतंय! डिफरन्शिअलचं ऑईल किती उरलंय ते आधी बघ, कोरडं पळवत असशील.

शाफ्ट ओढताना सांभाळून. आत जॉइंट बेंडिक्सचा असेल तर त्यातल्या छऱ्यांसारख्या गोळ्या निसटून खाली पडत्यात, कुठली कुठं होती कळत नाही. क्रॉसवाला असेल तर निवांत.

घाटरस्ता
धन्यवाद अण्णा. ऑईल टाकताना नव्वद नंबर गिअर ऑईल गोळ्यातच भरलं तर? आमचा जुना ड्रायव्हर तेच करायचा, म्हणायचा ग्रीस कोपऱ्यात पोचत नाही.

सह्याद्री४बाय४
बरोबर आहे त्याचं. आमच्याकडे सगळे ग्रीस आणि नव्वद मिसळून घालतात.

फिटरअण्णा
आणि सगळ्यांच्या चाकावर ते दिसतंय बी! फेल्टचं सील ऑईल अडवायला नसतंयच. ग्रीसच घाल, पण ठासून भरू नको.

पुणेरीचाक
एक विचारायचं होतं. पर्यावरण कर भरला आहे का? पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीला पुनर्नोंदणी लागते, पुढे दर पाच वर्षांनी. ब्रेक ओढत असताना आरटीओत नेलीत तर परत पाठवतील.

घाटरस्ता
कागद सगळे चालू आहेत. किंगपिनच्या बेअरिंगच्या कप-कोनचं कुणी सांगेल का?

जुनंलोखंड
कोन, म्हणजे रोलरवाला आतला भाग, ११५९०; कप, म्हणजे बाहेरची कडी, ११५२०. हे टिम्केनचे आकडे, बाजूला चार सेट लागतात असं कुणी दुकानदार म्हणाला तर दुसरं दुकान बघा. एका बाजूला वर एक आणि खाली एक, एवढेच. कोन नवा आणि कप जुना असं करू नका. कपाच्या आत नख फिरवून बघा. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे रोलर एकाच जागी आदळून रेघांसारखे खड्डे पडतात आणि नख त्यात अडकतं. स्टिअरिंग सरळच्या जागी अडखळतं ते याचमुळे.

किंगपिनच्या झाकणांखाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, आहेत. काढताना वरच्या कुठल्या, खालच्या कुठल्या ते तारेत ओवून वेगळ्या ठेवा. बेअरिंग बसवल्यावर शाफ्ट आणि बाहेरचं सील न लावता नकलच्या, म्हणजे गोळ्यावर वळणाऱ्या भागाच्या, ज्या भोकात टायरॉड बसतो तिथे ताणकाटा अडकवा आणि ओढा. बारा ते सोळा पौंड, म्हणजे साधारण साडेपाच ते सव्वासात किलोवर नकल वळायला हवी. हलकी वळली तर शिम काढा, जड गेली तर घाला. मासळीबाजारातला लटकता काटा चालतो, फक्त धुऊन घ्या.

सह्याद्री४बाय४
आमचा मिस्त्री हाताने फिरवूनच सांगतो. काटा वगैरे फार झालं.

फिटरअण्णा
हात बसलेला असला तर चालतंय. नवीन माणसानं काटाच वापरावा.

गोळ्यावर गंजाचे खड्डे आहेत का? असले तर कितीबी चांगलं सील घाल, महिन्यात फाटतंय. बारीक पॉलिश पेपरनं होत असेल तर ठीक, नाहीतर भरून घासून घ्यावा लागेल. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात घेऊन ये.

कित्तूररोड
सावंतवाडीकडचे असाल तर बेळगावचं उद्यमबाग काय वाईट आहे? काम तसंच, आणि भाव विचारून बघा.

फिटरअण्णा
सुरू झालं! बेळगावला जीपचा गोळा दाखवला तर पंपाचा पार्ट म्हणून घासून देतील.

कित्तूररोड
आणि कोल्हापुरात घासायच्या आधी तांबडा-पांढरा खाऊन येऊ म्हणतील.

जुनंलोखंड
जेवणाचा वेगळा धागा काढा.

घाटरस्ता, स्प्रिंगांना लांब शॅकल, म्हणजे स्प्रिंगचं टोक चासीला टांगणाऱ्या कड्या, लावून गाडी उंच केली आहे का? कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, तीन अंश हवा. पुढची शॅकल बदलल्याने तो कमी झाला असेल तर नवे किंगपिन घालूनही चाकं फडफडतील.

घाटरस्ता
शॅकल लांब आहेत, आधीच्या मालकाने लावलेल्या.

जुनंलोखंड
आधीच्या मालकाने? वडिलांची गाडी ना?

घाटरस्ता
वडिलांनी सेकंडहँड घेतली होती. शॅकल जुन्या मापाच्या शोधतो. डावी बाजू उघडली, जॉइंट क्रॉसवालाच निघाला. आतल्या सीलचा रबर कडेने पाव इंच फाटलाय. ब्रेक शूज ऑईलने भिजलेत, धुऊन चालतील का?

फिटरअण्णा
नाही. नवीन घाल, दोन्ही बाजूंना.

पुणेरीचाक
शॅकलची उंची बदललेली आरसीवर नोंदवली आहे का?