मदत हवी आहे: शब्द आठवत नाहीत, नुसतं वर्णन आहे. गाणं कसं शोधू?

नमस्कार मंडळी. आई एक गाणं शोधतेय आणि तीन रात्री जागून मी हात टेकलेत.

आई लग्न होऊन ठाण्यात आली तेव्हा, म्हणजे १९८५च्या आसपास, नौपाड्यातल्या चाळीत शेजारच्या रेडिओवर हे गाणं सकाळी लागायचं. शब्द एकही आठवत नाही. तिचं वर्णन जसंच्या तसं देते: "बाईचा आवाज, पण लाडिक नाही गं. आधी बासरी, मग सगळं गप्प, आणि मग ती गायला लागते. पाऊस पडून गेल्यावर पागोळ्या गळतात ना, तसं."

पागोळ्या! सर्चमध्ये काय टाकू?

'पावसानंतरचं शांत मराठी गाणं' टाकलं, तर नावात पाऊस असलेली यच्चयावत गाणी आली, शिवाय झोप येण्यासाठीची तीन तासांची बासरी. गाणं ओळखणाऱ्या शाझम अ‍ॅपला मूळ रेकॉर्डिंग ऐकवावं लागतं, आणि तेच तर हवंय. गूगलवर २०२०पासून गुणगुणून शोधायची सोय आहे, म्हणून तलावपाळीच्या बाकावर आईला गुणगुणायला लावलं. मागे टीएमटी बसचे हॉर्न. आलं काय, तर पंजाबी लग्नाचं गाणं. आई गंभीरपणे म्हणाली, "हे नक्की नाही."

अशा वर्णनावरून, तेही मराठीत, शोधता येतं का?

प्रतिसाद:
ताई, साधा सर्च गाणं ऐकत नाही. गाण्याचं नाव आणि टाकणाऱ्याने खाली लिहिलेलं वाचतो. पागोळ्या तिथे कोण लिहिणार? वर्णन आणि आवाज यांची थेट जुळणी करणारी एआय मॉडेलं निघाली आहेत, गूगलचं म्युलॅन २०२२चं. पण शिकताना जे संगीत आणि जी वर्णनं मिळाली, त्यावरच त्यांची सगळी भिस्त.

गुणगुणणं सोडू नका. घरात, पंखा बंद करून, १०-१५ सेकंद. सूर थोडा हलला तरी चालतं; तिथे चाल जुळवतात, वाद्यं नाही. आणि आईंना टेबलावर ठेका धरायला सांगा. सहा मात्रांनी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, येतात की आठ? ताल दादरा (सहा) की केरवा (आठ) एवढं कळलं तरी इथलं कुणीतरी ओळखेल.

धागाकर्ती:
सहा! पण ठेका धरता धरता म्हणाली, "बासरी नव्हे गं, सनई असेल." ४० वर्षं बासरी होती. गुणगुणलेलं उद्या टाकते, आज तिचा घसा बसलाय.