शेव्हरॉन गेलं, नियम नाही गेले

अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या ‘लोपर ब्राइट’ निकालामुळे तिथल्या फेडरल (केंद्र सरकारच्या) यंत्रणांचे सगळे जुने नियम बाद झाले, असा एक दावा आहे. तसं नाही. जून २०२४च्या त्या निकालाने यंत्रणेने लावलेला वाजवी अर्थ कोर्टाने मानायची १९८४ची ‘शेव्हरॉन’ प्रथा मोडली. संदिग्ध कायद्याचा अर्थ आता यंत्रणा नाही, न्यायाधीश लावणार. पण शेव्हरॉनवर विसंबलेले जुने निकाल कायम, हेही सरन्यायाधीश रॉबर्ट्सनी त्यातच लिहिलंय. एच-४ वर्क परमिटचा, म्हणजे एच-१बी व्हिसावाल्यांपैकी काहींच्या जोडीदारांना नोकरीची मुभा देणारा, २०१५चा नियम बघा. ऑगस्ट २०२४मध्ये डीसी सर्किट या फेडरल अपील कोर्टाने आपल्याच आधीच्या निकालाच्या आधारे तो टिकवला. आपल्या कितीतरी घरांचा प्रश्न होता हा! मला खरी काळजी सुप्रीम कोर्टाच्याच ‘कॉर्नर पोस्ट’ या दुसऱ्या निकालाची वाटते. नियमाला कोर्टात आव्हान देण्याची सहा वर्षांची मुदत आता नियमाची झळ बसल्यापासून मोजली जाते, म्हणजे काल निघालेली कंपनीही जुनाट नियम कोर्टात खेचू शकते.