फराळाच्या ऑर्डरी: सगळ्या रिक्वेस्ट पूर्ण झाल्या हे पानाला कळायचं कसं?

प्रश्न (इंदूरहून)

इंदुरात आमच्या महिला मंडळाच्या दिवाळी फराळाची नोंदणी घेणारं पान मी सांभाळते. साधी जावास्क्रिप्ट, मागे नोड. ऑर्डरमधल्या प्रत्येक पदार्थाची वेगळी पोस्ट रिक्वेस्ट जाते आणि शेवटी पावतीची. पदार्थांवर फॉर-ईच फिरवलंय, आत असिंक फंक्शन, त्यात उत्तर येईपर्यंत थांबवणारा अवेटही आहे. तरी ‘नोंदणी झाली’ आधी झळकतं आणि पदार्थ मागून पोचतात.

परवा राजवाड्याजवळच्या एका काकूंच्या पावतीत चकली, चिवडा होता, अनारसेच नव्हते. नेटवर्क टॅबमध्ये ती रिक्वेस्ट ५००, म्हणजे सर्व्हरची चूक, दाखवते, पण चूक पकडणारा माझा कॅच चाललाच नाही. कन्सोल तर ताकास तूर लागू देत नाही. अनारशांचे तांदूळ तीन दिवस आधी भिजत घालावे लागतात, आकडा मागाहून सुधारून भागत नाही.

काउंटर ठेवू का? रिक्वेस्ट सुटली की वाढवायचा, परतली की कमी करायचा, शून्य झाला की संपलं.

उत्तर १

ताई, यात दोन दुखणी आहेत. असिंक फंक्शन प्रॉमिस, म्हणजे पुढे येणाऱ्या निकालाची हमी, परत देतं आणि फॉर-ईच ते टाकून पुढे जातो, थांबत नाही. त्याऐवजी मॅप वापरा, सगळी प्रॉमिसं हातात राहतील.

दुसरं म्हणजे रिक्वेस्ट पाठवणारा फेच ४०४ (पत्ता सापडला नाही) किंवा ५०० आल्यावर रिजेक्ट, म्हणजे अपयशी, होत नाही. सर्व्हरचं उत्तर आलं की त्याच्या लेखी काम झालं. रिस्पॉन्स.ओके स्वतः तपासा, फॉल्स असेल तर एरर थ्रो करा, मग कॅच चालेल.

उत्तर २

वरचं बरोबर. फक्त मॅपनंतर सगळी प्रॉमिसं एकत्र पाहणारा प्रॉमिस.ऑल लावू नका. एक फसली की तो तिथेच रिजेक्ट होतो, बाकीच्या रिक्वेस्ट मात्र चालूच राहतात. २०२० च्या जावास्क्रिप्टपासून ऑलसेटल्ड आहे, तो सगळ्यांसाठी थांबतो आणि कोणती फुलफिल्ड, कोणती रिजेक्टेड ते सांगतो.

काउंटर स्पिनरपुरता, म्हणजे ‘थांबा’ दाखवणाऱ्या फिरत्या चक्रापुरता, ठीक. कमी करायची ओळ यश-अपयश काहीही आलं तरी चालणाऱ्या फायनलीमध्ये ठेवा, नाहीतर चूक आली की स्पिनर फिरतच बसेल. पण पदार्थ संपून पावतीची रिक्वेस्ट सुटायच्या आतही तो शून्यावर येऊ शकतो. शून्यावरून ‘नोंदणी झाली’ म्हणू नका.

उत्तर ३

मला तर मूळ रचनाच पटत नाही. काकूंची ऑर्डर एक, मग रिक्वेस्ट इतक्या का? सगळे पदार्थ एकाच पोस्टमध्ये पाठवा आणि सर्व्हरवर एका ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. सगळं नोंदलं जाईल, नाहीतर काहीच नाही. अर्धी ऑर्डर डेटाबेसमध्ये राहताच कामा नये.

तरी एक फट उरते. नोंद झाली आणि उत्तर परतताना नेट गेलं, तर ब्राउझरला काहीच कळत नाही. बाई पुन्हा बटण दाबणार. म्हणून फॉर्म उघडतानाच ब्राउझरमध्ये ऑर्डरला यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुणाशी न जुळणारा ओळख क्रमांक, द्या आणि टेबलात तो कॉलम युनिक ठेवा. तोच आयडी पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनीच परत द्यावी.

पावतीच्या पीडीएफला वेळ लागत असेल तर सर्व्हरने २०२ (स्वीकारलं, काम अजून चालू) आणि स्थिती पाहण्याचा पत्ता द्यावा. पान थोड्या थोड्या वेळाने तिथे विचारेल.

प्रश्नकर्ती

एकच पोस्ट केली, आयडीही घातला. डेव्हटूल्समध्ये मुद्दाम मध्येच ऑफलाइन केलं, परत जोडून बटण दाबलं, टेबलात ओळ एकच! पावती अजून त्याच रिक्वेस्टमध्ये आहे, ती २०२ वर नेते. स्थिती विचारताना पान बंद झालं तर पुन्हा उघडल्यावर आयडी कुठून घ्यायचा, ब्राउझरमधल्या लोकलस्टोरेज साठवणीतून?

उत्तर ३

हो, तिथेच ठेवा. पावती हाती आली की पुसून टाका.