मदत हवी आहे: डोंगरातल्या स्नोमोबाइलला १५४ इंची ट्रॅक घ्यावा की १६५?

हिमवाट
नमस्कार मंडळी. चार दिवस हाच प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डोंगरात स्नोमोबाइल (पुढे दोन स्की आणि मागे फिरता पट्टा असलेली बर्फावरची गाडी) चालवण्याचा हा माझा तिसरा हिवाळा. आत्ताची गाडी जुनी, दुसऱ्याने वापरलेली घेतली होती. ट्रॅक (खालचा फिरता रबरी पट्टा) १४६ इंची, लग (पट्ट्यावरचे बर्फ पकडणारे उंचवटे) सव्वादोन इंची. ती देऊन ८५० सीसीची, टर्बो नसलेली गाडी घ्यायचं ठरलंय. लग ३ इंची हवेत हेही नक्की. घोडं अडलंय ते लांबीवर. स्की-डू कंपनीच्या समिट या गाडीत १५४, १६५ आणि १७५ असे पर्याय आहेत, पोलारिस कंपनीकडे १५५ आणि १६५. १७५ माझ्या कामाचा नाही एवढं कळतं, पण उरलेल्या दोनांत मन ठरत नाही.

माझं वजन ७४ किलो, कपडे-बूट-पाठपिशवी धरून ८६. आम्ही बहुतेक वेळ झाडीत असतो, ८ ते १० हजार फुटांवर. मोकळे मोठे चढ कमी.

मागच्या रविवारी एका दिवसात पाच वेळा रुतलो. शेवटच्या वेळी गाडी उकरून काढायला दोघांना पाऊण तास लागला आणि उजेड संपत आला होता. खरं सांगतो, घाबरलो होतो. सोबतचा मित्र त्याच वाटेने त्याच्या १६५ वर सहज वर गेला. विक्रेत्याचं म्हणणं, "सगळे १६५ च घेतात, तुम्हीही घ्या." तसं करू का? की आहे त्याच गाडीला लांब ट्रॅक बसवता येईल?

उत्तरवारा
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बसवता येतो, पण नुसता पट्टा बदलून भागत नाही. रेल (पट्टा ज्यांवरून सरकतो त्या दांड्या) लांब लागतात, टनेलही (पट्ट्यावरचा गाडीचा धातूचा सांगाडा) मागे वाढवावा लागतो. जुन्या गाडीवर एवढा खटाटोप करू नका.

मी १६५ वाला आहे. ताज्या, कमरेइतक्या बर्फात सावकाश जाता येणं ही या लांबीची खरी कमाई. आखूड ट्रॅकला बर्फावर राहायला वेग लागतो आणि झाडांमध्ये वेग ही नको असलेली गोष्ट. १६५ वर मी थांबतो, पुढची वाट बघतो, पुन्हा निघतो. आडव्या उतारावर एका स्कीवर गाडी धरायची असेल तर लांब ट्रॅक रेषा सोडत नाही. चढावर नाकही कमी उचललं जातं.

चढणवेडी
उत्तरवारा, तुमचं सगळं मान्य, पण झाडी दाट झाली की पारडं फिरतं. मी दोन हिवाळे १६३ चालवली, आता १५४ आहे. चढ चढता चढता "इथून पुढे वाट नाही" असं दिसलं की गाडी जागच्या जागी खाली वळवावी लागते. लांब गाडीला त्यासाठी जास्त जागा आणि जास्त अंगमेहनत लागते. एका घळीत मला तेवढी जागा मिळाली नाही, आणि गाडी झाडाच्या बुंध्याभोवतीच्या पोकळीत बाजूने उतरली. तिथून काढणं म्हणजे काय, ते ज्याने काढली त्यालाच माहीत.

हिमवाट, तुमचं वजन माझ्यापेक्षा फार जास्त नाही. मी १५४ म्हणेन.

जुना मेकॅनिक
दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या वजनाची माणसं आहेत. थोडा हिशेब मांडू या.

१५४, १६५ हे आकडे म्हणजे पट्ट्याचा पूर्ण घेर, बर्फावर टेकलेली लांबी नव्हे. निम्म्याहून जास्त पट्टा वरून फिरत असतो. त्यामुळे ११ इंच वाढले तरी खाली वाढतात साडेपाच. रुंदी १५ इंच धरली तर सुमारे ८२ चौरस इंच, म्हणजे अर्ध्या चौरस फुटाहून थोडं जास्त. पूर्ण पट्ट्याच्या हिशेबात सांगायचं तर ७ टक्के.

आता वजन. अशा गाडीचं कोरडं वजन २०० किलोच्या आसपास. पेट्रोल, तेल, शीतक, फावडं-सामान धरून २४० म्हणा. त्यावर हिमवाट ८६ किलोंचे, एकूण ३२६. तुमचा तो मित्र किती किलोंचा आहे?

हिमवाट
सगळं अंगावर चढवून ११० तरी असेल. अंगाने थोराड आहे.

जुना मेकॅनिक
मग त्याची बेरीज ३५०. तुमच्यापेक्षा साधारण ७ टक्के जास्त, आणि ट्रॅकही ७ टक्केच लांब. म्हणजे तो १६५ वर जितका तरंगतो तितके तुम्ही १५४ वर तरंगाल. त्याच्याकडे बघून १६५ घ्याल तर तरंगण्याच्या बाबतीत त्याच्याही पुढे जाल, पण वळवायला लांब गाडी आणि ती ओढायला त्याच्यापेक्षा हलकं अंग. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना अंदाजे ३ टक्के घटते. ९ हजार फुटांवर १६५ अश्वशक्तीतले जेमतेम १२० उरतात. त्यात जास्त पट्टा फिरवायचा हेही लक्षात घ्या. टर्बो असता तर हा मुद्दा मी इतका ताणला नसता.

पण मला वेगळंच विचारायचंय. पाच वेळा रुतलात म्हणता. कुठे कुठे आणि कसे? प्रत्येक वेळ आठवून लिहा.

हिमवाट
आठवून लिहितो.

पहिल्यांदा चढावर थांबलो होतो, नाक वर. निघताना थ्रॉटल दाबला तशी गाडीने चर खणला आणि शेपूट खाली गेलं. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा अगदी तेच. चौथ्यांदा ओढ्याच्या पात्रात, तिथे कोणीही रुतलं असतं. पाचव्यांदा झाडांमध्ये वळताना वेग गेला, मी घाबरून थ्रॉटल पूर्ण दाबला आणि गाडी जागेवर बसली.

लिहिताना कळतंय की पाचांपैकी तीन वेळा मी चढाकडे तोंड करूनच थांबलो होतो.

चढणवेडी
हेच! भुसभुशीत बर्फात चढाकडे तोंड करून थांबायचं नाही. थांबायच्या आधी गाडी आडवी घ्या किंवा नाक उताराकडे वळवा. निघताना थ्रॉटल हळू. पट्टा जागेवर फिरायला लागला की लगेच सोडा. पहिल्या दोन सेकंदांत सोडला तर पायाने बर्फ तुडवून निघता येतं, नंतर फावडंच काढावं लागतं.

जुना मेकॅनिक
आणि गाडीही तपासा. वापरलेली घेतली म्हणता, मग मागच्या स्प्रिंगा कोणाच्या वजनाला लावल्या आहेत? त्या मऊ असतील तर तुम्ही बसताच शेपूट दबतं, नाक उचलतं आणि पट्टा पुढे जायच्या ऐवजी खाली खणत बसतो. मागच्या सस्पेन्शनच्या पुढच्या बाजूला लिमिटर स्ट्रॅप असतो, म्हणजे ते किती खाली उघडेल ते रोखणारी भोकांची पट्टी. तो एक भोक आखडून बघा. रेलचा पुढचा भाग वर येतो, पट्ट्याचा बर्फात शिरण्याचा कोन सपाट होतो आणि गाडी लवकर वर चढते. स्कीवर भार वाढून हँडल थोडं जड लागेल, ते चालेल. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

आणि लगची उंची विसरू नका. सव्वादोनवरून तीनवर जाल तेव्हा पकडीतला फरक १४६ वरून १५४ वर जाण्याइतकाच ठळक जाणवेल. तेव्हा जुन्या गाडीच्या रुतण्यावरून नव्या गाडीची लांबी ठरवू नका.

उत्तरवारा
मेकॅनिकसाहेब, हिशेब पटला. मी सामानासकट १०८ किलो आहे, आता कळलं मला १६५ का मानवते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. लांब ट्रॅक तुम्हाला अशा उतारांवर नेतो जिथे आधी पोहोचताच येत नव्हतं. ३० ते ४५ अंशांचे उतार हेच हिमस्खलनाचे उतार. चढावर एका वेळी एकच गाडी. वर कोणी रुतला तर मदतीला दुसरी गाडी चढवायची नाही, आणि बाकीच्यांनी त्या उताराखाली उभं राहायचं नाही. बीकन (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर हवं, गाडीला बांधलेलं नको. गाडी गेली की तेही गेलं.

हिमवाट
कालच परत आलो. ठरवून सगळं करून पाहिलं, म्हणून कळवतो.

स्प्रिंगा खरंच फार मऊ होत्या. त्या कडक केल्या आणि सकाळी त्याच चढावर गेलो. फरक पडला, पण थोडा. दुपारी स्ट्रॅप एक भोक आखडला, आणि मग चढावरून निघताना शेपूट जवळजवळ बसलंच नाही. दिवसभरात दोनदा रुतलो, दोन्ही वेळा पाच मिनिटांत बाहेर. बर्फ मागच्या रविवारइतका खोल नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मित्राची १६५ तासभर चालवली. मोकळ्या चढावर सुख होतं, अगदी हळू जाऊनही बुडत नव्हती. झाडीत शिरलो तशी कथा बदलली. चढावरून वळवताना दोनदा जागा पुरली नाही, आणि गाडी आडवी ओढताना तासाभरात खांदे भरून आले. माझे निम्म्याहून जास्त दिवस त्याच झाडीत जातात.

१५४ नक्की केली. विक्रेत्याला कळवलं, तो पुन्हा १६५ च सांगत होता, पण आता मला माझी कारणं माहीत आहेत. तुम्हा तिघांचे मनापासून आभार.

फक्त एक शंका उरली आहे. डोंगरापर्यंतचा आमचा रस्ता कडक, दाबलेल्या बर्फाचा आहे. ३ इंची लग तिथे त्रास देतील का?

जुना मेकॅनिक
देतील. उंच लग कडक बर्फावर सैल बर्फ उडवत नाहीत. टनेलखालचं हीट एक्स्चेंजर (इंजिनाचं शीतक थंड करणारा भाग) आणि रेलवरच्या स्लाइड्स (पट्टा घासतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्या) थंड राहतात त्या उडालेल्या बर्फानेच. रेलवर स्क्रॅचर (कडक बर्फ खरवडून उडवणाऱ्या तारा) लावून घ्या आणि त्या रस्त्यावर ते खाली टाकूनच चालवा. गाडी मागे घेण्याआधी मात्र ते मागे चालवता येणाऱ्या प्रकारचे आहेत का ते बघा. वेग आवरता ठेवा, कडक बर्फावर जोरात पळवलं तर लगचे तुकडे उडतात. तापमानाचा आकडा चढू लागला तर कडेच्या मऊ बर्फात शंभर-दोनशे फूट जाऊन या, लगेच उतरतो.

गाडी आली की स्ट्रॅप कितव्या भोकावर आहे ते इथे लिहा, तिथून पुढचं बघू.