मदत हवी आहे: फिरत्या पाळणाघरासाठी धोरणाचा मराठी नमुना (तातडीने)

सड्यावरची | शुक्रवार, रात्री १०:४२
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमच्या महिला गटाचं फिरतं पाळणाघर आहे. आम्हाला निधी देणाऱ्या कंपनीने अचानक 'बालसुरक्षा व समावेशन धोरण' मागितलंय, तेही सोमवारपर्यंत. त्याशिवाय पुढचा हप्ता नाही. कुणाकडे मराठीत तयार नमुना असेल तर टाका, प्लीज. इंग्रजी नको, आमच्या ताईंना वाचता आलं पाहिजे. एका मुलाचाही प्रश्न आहे, पण तो नंतर. आधी नमुना.

चाकरमानी | १०:५०
एआयला सांगा. दोन मिनिटांत लिहून देईल.

सड्यावरची | १०:५३
सांगून झालं. बर्फ पडल्यास सेवा बंद राहील असं लिहून आलं. राजापुरात.

बांगडा_फ्राय | ११:०५
फिरतं म्हणजे नक्की काय? मुलांना गाडीत घालून फिरवता की गाडी मुलांपर्यंत जाते? दोन्हींचे नियम वेगळे.

वेतोबाचो_पावणो | ११:११
अगो बाय, पोरां किती, केवढी, बगूक माणसां किती, ता सांग आदी. नमुनो मागतंस, पण कसलो?

निवृत्त_गुरुजी | ११:३०
मुळात प्रश्न असा की गावोगाव अंगणवाडी असताना हा खटाटोप कशासाठी? एकात्मिक बालविकास योजना १९७५ सालची आहे. आहार, लसीकरण, पूर्वप्राथमिक शिक्षण सगळं तिथे मिळतं. आमच्या गावच्या अंगणवाडीताईंनी दोन पिढ्या घडवल्या. समांतर व्यवस्था उभ्या करून सरकारी व्यवस्था कमकुवत करायची ही हल्लीची फॅशन.

सड्यावरची | ११:३८
गुरुजी, अंगणवाडी खाली वाडीत. चिरेखाण (जांभ्या दगडाची) वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर. आई सकाळी खाणीवर चढते ती संध्याकाळीच उतरते. अंगणवाडी दुपारी सुटल्यावर तीन वर्षांच्या मुलाने कुठे जायचं? आम्ही अंगणवाडीच्या विरोधात नाही, कृपया विषयावर या.

बाकीच्यांना: गाडी म्हणजे छोटा हत्ती. त्यात चटया, झोळ्या, पाण्याचे कॅन, खेळणी, खिचडीचा डबा. जागेवर ताडपत्री बांधतो. आठवड्यातले काही दिवस खाणीवर, आंब्याच्या हंगामात पॅकिंग शेडवर. मुलं सहा महिने ते सहा वर्षं, पण मोठी भावंडं पण येऊन बसतात. वीस-पंचवीस होतात. दोन ताई आणि मी. खाणीवर कानडी कुटुंबं, बागेत नेपाळी गुरख्यांची, शिवाय थोडी कातकरी. मुलं गाडीतून फिरत नाहीत. फक्त परतताना लहानांना कधीकधी खोपीपर्यंत, म्हणजे त्यांच्या झोपडीपर्यंत, सोडतो.

कोर्टकचेरी | ११:५५
ते शेवटचं वाक्य धोरणात येण्याआधी व्यवहारातून जाऊ द्या. छोटा हत्ती मालवाहू आहे. त्यात माणसं बसवणं बेकायदा, आणि उतारावर काही झालं तर विमा कंपनी सरळ हात वर करेल.

आता कायद्याचं. दगडाची खाणही खाण कायदा १९५२ खाली यायची आणि बायका कामाला असतील तर पाळणाघराबद्दल १९६६ चे वेगळे नियम होते. कारखान्यात तीसपेक्षा जास्त बायका असतील तर १९४८ च्या कायद्याचं कलम ४८ होतं. बांधकामावर पन्नासपेक्षा जास्त असतील तर १९९६ चा कायदा होता. नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्यांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली, तेव्हा आजचा नियम तपासून घ्या. म्हणजे बऱ्याच ठिकाणी ही जबाबदारी मालकाची असते आणि तुम्ही ती फुकटात उचलता. त्याच्याकडून निदान सावली, पाणी आणि संडास लेखी घ्या.

वेतोबाचो_पावणो | शनिवार, सकाळी ७:२०
मालकान लेखी दिल्यान तर मी वडाक बारा फेरे मारीन.

पाळणाघरवाली_पुणे | ८:०२
आम्ही बांधकाम साइटवर काम करतो. हा प्रकार नवा नाही, दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये 'मोबाइल क्रेशेस' सुरू केलं ते राजघाटाजवळच्या बांधकामावरच. माझा अनुभव असा की तयार नमुना घेतला की फाइल भरते आणि साइटवर कुणी बघत नाही. त्यापेक्षा तुमच्या ताईंना दोन प्रश्न विचारा: आजवर कुठल्या मुलाला परत पाठवलं? आणि कुठल्या गोष्टीची रात्री भीती वाटते? धोरण तिथून लिहा.

प्रमाणाचा आकडा हवा असेल तर केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सांभाळणारी आणि त्यावरच्या वीस मुलांमागे एक, शिवाय मदतनीस, असं आहे. तुमच्याकडे तान्ही किती?

चाकरमानी | ८:१५
छोट्या हत्तीऐवजी एसटीच्या लिलावातली जुनी बस घ्या. आत पाळणे, वर सोलर. मी व्हिडिओ पाहिलाय.

बांगडा_फ्राय | ८:१९
आणि ती सड्यावर चढवणार कोण, तुम्ही?

सड्यावरची | ९:४०
तान्ही पाच-सहा. दोन प्रश्न वाचून ताईंना फोन केला. भीतीचं उत्तर लगेच आलं: जुना खड्डा. चिरे काढून झालेली जागा तशीच सोडतात, कडा सरळ कापलेली, खाली पाणी. पावसाळ्यात खाण बंद असते म्हणून वाचतो, पण पाणी दिवाळीनंतरही राहतं.

परत पाठवलेल्या मुलाचं आता सांगते, कारण अडलंय तिथेच. चार वर्षांचा मुलगा, विजापूरकडचा. त्याला मागच्या आठवड्यात ताडपत्रीखाली फिट आली. एक ताई म्हणते आता मी त्याला घेणार नाही. बाकीच्या आया म्हणतात बाहेरचं आहे, आमच्या पोरांना लागेल. तर 'आजारी मुलांना प्रवेश नाही' असं वाक्य घातलं तर चालेल का? ते समावेशनात बसतं का?

निवृत्त_गुरुजी | ९:५२
फेफरं आल्यास चप्पल किंवा कांदा हुंगवावा. आमच्या लहानपणी तत्काळ गुण येत असे.

सिस्टरताई | १०:१०
गुरुजी, मान राखून सांगते, चप्पल, कांदा, चमचा, काही नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपणच थांबते, म्हणून कांद्याला श्रेय मिळतं. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ घाला, गळ्याजवळचं सैल करा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८. आणि हा आजार कुणाच्या अंगावरून कुणाला लागत नाही.

ताई, तुम्ही मुख्य सांगितलंच नाही. तेव्हा ताप होता का? सहा महिने ते पाच वर्षांत नुसत्या तापानेही झटका येतो. आधी कधी आली होती? औषध चालू आहे?

सड्यावरची | ११:२५
ताप नव्हता. आईशी नीट बोलता येत नाही, मुकादमाकडून विचारून घेतलं. गावी गोळ्या चालू होत्या. इथे आल्यावर संपल्या. कुठे मिळतात माहीत नाही आणि खाडा केला तर मजुरी जाते.

सिस्टरताई | ११:३१
मग हे आधी सांगायचंत ना! फिटची गोळी अशी मध्येच तुटली की झटके परत येतात, कधी जोरात येतात. जुना कागद किंवा गोळ्यांची रिकामी पट्टी असेल तर घेऊन सरकारी दवाखाना गाठा, नाहीतर सरळ रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय. सोमवारची वाट बघू नका.

दुसरं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक (२०१३ पासून आहे) वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. सड्यावरचं मूल अंगणवाडीच्या नोंदीत नसेल तर ते पथकाच्या नजरेलाही पडत नाही. गुरुजींचा मुद्दा इथे खरा आहे. मुलाचं नाव अंगणवाडीत घाला, बसू दे तुमच्याकडे.

पाळणाघरवाली_पुणे | १२:०५
'आजारी' हा एकच शब्द लिहिलात तर त्यात फिट येणारा, न ऐकू येणारा, पाय वाकडा असलेला, सगळे जातील, आणि दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये काही दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजारही मोजले जातात. वेगळं लिहा. जुलाब, गोवर, आलेले डोळे, खरूज असेल तर मूल इतर मुलांत मिसळणार नाही. पण घरी पाठवायचं म्हणजे कुठे? खोपीत कुणी नसतं. तेव्हा ताडपत्रीच्या एका टोकाला वेगळी चटई, आणि आईला निरोप द्यायला कोण खाणीत उतरणार तिचं नाव. हे लिहिलं नाही तर कागद खोटा.

चाकरमानी | १२:२०
आणि भाषा? महाराष्ट्रात आलेत तर मराठीच शिकवा. समावेश दोन्हीकडून हवा.

बांगडा_फ्राय | १२:२६
दोन वर्षांच्या पोराला शू लागलीय हे आधी कळू द्या, मग मराठी अस्मिता. ताईंना कानडी-नेपाळीतले दहा-बारा शब्द आले तरी दिवस निघतो. पाणी, भूक, शू, दुखतंय, आई कधी येणार.

चाकरमानी | १२:३०
अस्मितेवर घसरायची गरज नव्हती.

वेतोबाचो_पावणो | १२:४१
मुंबईत बसान सड्यावरच्या पोरांका मराठी शिकवतंत, वायच हंय येवा. आणि बाय, विंचवाचा लिवलंस? गोदडी झाडल्याशिवाय पोर निजवू नको. ल्हान पोराक आमचो तांबडो विंचू लय वाईट.

सिस्टरताई | १:०५
याला शंभर टक्के दुजोरा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्रॅझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाचे मृत्यू कमी होतात हे दाखवलं, ते कोकणातल्याच रुग्णांवर. मंत्र, चुना, कापून रक्त काढणं, यात वेळ घालवायचा नाही. मुलाला घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले की निघायचं. कुठल्या केंद्रावर औषध असतं ते आजच विचारून ठेवा आणि नंबर ताडपत्रीच्या खांबाला बांधा.

निवृत्त_गुरुजी | ३:१५
खिचडीत अंडं देता का? दिल्यास शाकाहारी कुटुंबांच्या भावना लक्षात घ्याव्यात.

सड्यावरची | ३:४०
अंडं वेगळं देतो, ज्याची आई हो म्हणते त्याला. गुरुजी, ह्याहून मोठी अडचण म्हणजे शेडवरच्या काही बायका कातकऱ्यांच्या मुलांबरोबर आपल्या मुलांना एका ताटलीत जेवू देत नाहीत. याला काय लिहू?

पाळणाघरवाली_पुणे | ४:१०
सगळ्यांना सारख्या ताटल्या, एकाच पंगतीत, ताई मध्ये बसून जेवणार. ज्यांना मान्य नाही त्यांनी आपलं मूल शेडमध्ये स्वतःजवळ ठेवावं. इथे पुढेमागे करू नका, वेगळी पंगत एकदा बसली की उठत नाही.

कोर्टकचेरी | ५:३०
बालसुरक्षेच्या भागात एक गोष्ट जवळजवळ सगळ्या संस्था चुकीची लिहितात: 'तक्रार आल्यास प्रथम अंतर्गत समिती चौकशी करेल.' लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. समिती नंतर. मुलांच्या मदतवाहिनीचा, १०९८ चा नंबर द्या. आणि मूल संध्याकाळी कुणाच्या हाती द्यायचं हे आईच्या तोंडून लिहून घ्या, मुकादमाच्या नव्हे.

सड्यावरची | रविवार, रात्री ९:५०
सगळ्यांचे आभार. दोन पानं झाली, ताईंनी वाचली, त्यातल्या एकीने तीन शब्द बदलायला लावले. मुलांना सोडणं बंद, आया येईपर्यंत आम्हीच थांबणार. पहिल्याच दिवशी आईला विचारायचं: औषध चालू आहे का, किती गोळ्या उरल्या. जुन्या खड्ड्याकडच्या बाजूला गाडी आडवी लावायची.

मुलाला काल दुपारीच रत्नागिरीला नेलं, खाड्याची मजुरी गटाने दिली. गोळ्या मिळाल्या. नकार देणारी ताई म्हणते घेईन, पण मी एकटी असताना नाही. तान्ह्यांचं प्रमाण बघता तिचं बरोबर आहे. तिसरी ताई हवीच. म्हणून धोरणाबरोबर तिसऱ्या ताईच्या मानधनाची मागणीही जोडून पाठवतेय.

वेतोबाचो_पावणो | ९:५८
आता कसा! पैशे दितले नाय तर हंय येवन सांग.

दापोलीकर_नवा | १०:३०
छान धागा. दापोलीत चांगलं पाळणाघर आहे का? मुलगी दीड वर्षाची, आम्ही दोघं घरून काम करतो. एसी असल्यास उत्तम.

बांगडा_फ्राय | १०:३२
नवीन धागा काढा हो.