स्नोडनवर सायकल: पहाटे निघा, नाहीतर संध्याकाळी

वेल्समधल्या स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानात थेट स्नोडनच्या माथ्यावर (१०८५ मीटर) माउंटन बाइक नेता येते का? येते, पण लानबेरिस, स्नोडन रेंजर यांसारख्या घोडेवाटांनीच (घोडे आणि सायकली न्यायला परवानगी असलेल्या वाटा). पिग आणि मायनर्स या वाटा फक्त चालणाऱ्यांच्या. शिवाय १ मे ते ३० सप्टेंबर या काळात सकाळी १० ते संध्याकाळी ५ सायकल न्यायची नाही, असा ऐच्छिक करार आहे. ऐच्छिक असला तरी पाळाच. ऐन गर्दीत अंगावर येणारी सायकल कुणाला आवडेल?

चढताना बराच वेळ सायकल ढकलावी लागते, त्याची लाज नको. खरी परीक्षा उतरताना. पाणी वळवायला वाटेवर आडवे दगडी चर काढलेले असतात. त्यांवर पुढचा ब्रेक दाबलात की गेलात हँडलवरून! चराच्या आधी वेग कमी करा, बूड मागे न्या, मग ब्रेक सोडून चाक सरळ जाऊ द्या. सतत ब्रेक धरून उतरलात तर ब्रेकची डिस्क (चाकाला लावलेली धातूची चकती) तापते आणि ब्रेकची पकड सुटते. मी एकदा अर्ध्या उतारावर थांबून तिच्यावर बाटलीतलं पाणी ओतणार होतो, सोबत्याने हात धरला. तापलेली डिस्क एकदम गार केली तर वाकू शकते.

पहिल्यांदाच जात असाल तर त्याच उद्यानातलं कोएड-ई-ब्रेनिन हे जंगल बघा. तिथे खास सायकलींसाठी बांधलेल्या वाटा आहेत.