मदत हवी आहे: जर्मनीहून तालुक्याच्या शाखेत पैसे, स्विफ्ट कोड कोणता द्यायचा?

नमस्कार मंडळी,

माझा भाचा म्युनिकला नोकरी करतो. ताईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तो युरोत पैसे पाठवणार आहे. ताईचं खातं तालुक्याच्या गावी, एका राष्ट्रीयीकृत बँकेत. भाच्याच्या बँकेच्या फॉर्मवर 'बीआयसी' आणि 'आयबॅन' (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) असे रकाने आहेत. शाखेत विचारलं तर पासबुकावरचा आयएफएससी दाखवतात आणि म्हणतात, "हाच टाका."

तो चालणार नाही एवढं मला कळतं. आयएफएससी देशातल्या एनईएफटी-आरटीजीएससाठी. बीआयसी म्हणजेच स्विफ्ट कोड, परदेशी व्यवहारात बँक ओळखण्यासाठीचा. त्यात पहिली चार अक्षरं बँकेची, पुढची दोन देशाची, मग दोन ठिकाणाची. शाखेची तीन शेवटी असतात किंवा नसतात, म्हणून कोड आठ किंवा अकरा अक्षरी. आयएफएससीही अकराच अक्षरी, त्यामुळे गोंधळ होतो. पण त्यात पाचव्या जागी शून्य असतं, आणि भारतीय बँकेच्या स्विफ्ट कोडात पाचवं-सहावं अक्षर 'आयएन'.

अडचण अशी की ताईच्या शाखेला स्विफ्ट कोडच नाही. मग मुंबईच्या मुख्य शाखेचा दिला तर पैसे ताईच्याच खात्यात येतील ना? आणि आयबॅनचं काय करायचं? ऑपरेशनची तारीख ठरली आहे, पैसे मध्येच अडकले तर फार पंचाईत होईल. कुणी अशा गावच्या खात्यात पैसे मागवले असतील तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

काळजी करू नका, लहान शाखांना स्वतःचा स्विफ्ट कोड बहुधा नसतोच. बँकेच्या परकीय चलन विभागाचा किंवा मुख्य शाखेचा कोड द्यायचा. मात्र तो बँकेकडून ईमेलवर लेखी घ्या, गूगलवर सापडलेल्यावर विसंबू नका. भारतात आयबॅन नाही, त्या जागी पूर्ण खाते क्रमांक. संदेशाच्या रकान्यात आयएफएससी आणि शाखेचं नाव लिहायला सांगा, म्हणजे मुंबईहून रक्कम पुढे नीट जाते. ताईंचं नाव पासबुकावर आहे तसंच हवं. पैसे कुटुंबाच्या खर्चासाठी असल्याने बँकेने कारण विचारलं तर पी१३०१ हा पर्पज कोड सांगा.

मूळ धागाकर्ता:

मनापासून आभार! उद्याच बँकेला ईमेल करतो. एक राहिलं: मधल्या बँकेने शुल्क कापू नये म्हणून भाच्याने फॉर्मवर सगळा खर्च स्वतःकडे घेण्याचा पर्याय निवडला, तर ताईला पूर्ण रक्कम मिळते का?